तंजावरच्या भातखाचरातील जस्त

तंजावर परिसरातील भातखाचरांना हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट देण्याची शिफारस दीर्घकाळ प्रचलित आहे. या खतात जस्त सुमारे २१ टक्के असते. म्हणजे जमिनीत सव्वापाच किलो जस्त पडते. भाताचे एक पीक त्यातील काहीशे ग्रॅमच उचलते. उरलेले बहुतांश मातीच्या कणांना चिकटून राहते. या क्रियेस अधिशोषण म्हणतात. शोषणात पदार्थ आत शिरतो, अधिशोषणात तो पृष्ठभागावर राहतो, हा भेद परीक्षार्थींनी ध्यानी ठेवावा.

कावेरीच्या जुन्या त्रिभुज प्रदेशातील माती भारी व चिकण आहे. तिच्या खनिजांवरील ऋणभारामुळे जस्ताचे धनभारित आयन ओढले जातात. हे बंधन सैल असते. कॅल्शियमचे आयन त्यांची जागा घेऊ शकतात. लोह व मँगनीजच्या ऑक्साइडांवर मात्र जस्त ऑक्सिजनच्या अणूंशी थेट जोडले जाते व सहजी सुटत नाही. सामू वाढला की ही पकड अधिक घट्ट होते. जस्त दाट झाले की सुटे आयन न राहता त्यांचे पुंज बनतात. खनिजांतून सुटलेले ॲल्युमिनियम त्यांत मिसळून थरयुक्त हायड्रॉक्साइड तयार होऊ शकते. ते जितके जुने, तितके स्थिर.

अर्थशास्त्राच्या भाषेत ही ठेव आहे, पण तिची मुदत खातेदार नव्हे, जमीन ठरवते. एका मात्रेचा लाभ पुढील पिकांनाही मिळतो, म्हणून दर हंगामी खर्च अनाठायी ठरू शकतो. उलट, साचलेल्या पाण्यात बायकार्बोनेट वाढून जस्त असूनही पिकास मिळत नाही. तराईतील भातावरील खैरा रोगाचे मूळ जस्ताच्या कमतरतेत आहे, हे पंतनगरच्या डॉ. वाय. एल. नेने यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले.

२०१० च्या पोषणद्रव्याधारित अनुदान योजनेत जस्तयुक्त खतांस टनामागे ५०० रुपये जादा अनुदान ठरले. हे अनुदान पोत्यातील जस्तावर आहे, मुळांपर्यंत पोहोचणाऱ्या जस्तावर नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्यपत्रिकेच्या १२ घटकांत जस्त आहे. त्याच्या डीटीपीए चाचणीत मातीतील एकूण जस्त नव्हे, तर सुटू शकणारे जस्त मोजले जाते, किलोमागे ०.६ मिलिग्रॅमहून कमी आढळल्यास जमीन सामान्यतः जस्तन्यून समजतात. अशा जमिनीत लावणीपूर्वी रोपांची मुळे झिंक ऑक्साइडच्या २ टक्के द्रावात बुडविण्याचा स्वस्त पर्याय आहे. त्यात मातीशी स्पर्धाच टळते.