पंपावरचे २४ मेगावॅट

संतपूरच्या शिवारात पाच एचपीची मोटर म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. अशा पन्नास-साठ मोटरी एकाच वेळी चालू केल्या तर डीपीचं काय होईल, हेही नाही. बस-ट्रकसाठीचा २४० किलोवॅटचा एक चार्जर तेवढीच वीज ओढतो. शंभर केव्हीएचे तीन डीपी, एका केबलच्या दिमतीला!

तरी मला खरी अचाट वाटते ती डिझेलची नळी. एका लिटरमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा. मिनिटाला ४० लिटर सोडले की ४०० युनिट टाकीत. हिशेब मांडा: पंपावरचा पोरगा हातात २४ मेगावॅट धरून शेजारच्याशी गप्पा मारत असतो. त्यातली निम्म्याहून जास्त ऊर्जा इंजिन उष्णता करून हवेत सोडतं, पण उरते तीही कुठल्याही चार्जरला लाजवेल इतकी.

वीज अशी ओतता येत नाही. भारतात बसला लावतात त्या सीसीएस-२ गनमध्ये खाली दोन जाड डीसी पिना आणि वर काही बारीक पिना असतात. गन लावली की आधी तिला कुलूप बसतं. मग बारीक पिनेवरून गाडी आणि चार्जर यांचं बोलणं सुरू होतं: किती व्होल्ट, किती अँपिअर झेपतील? चार्जर इन्सुलेशन तपासतो. मग स्वतःचा व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजला आणून भिडवतो, कारण तफावत ठेवून जोडणी केली तर करंटचा जोरदार झटका बसेल. त्यानंतरच गाडीतला कॉन्टॅक्टर खट्कन बसतो. पुढेही हुकूम बॅटरीचाच. ती मागेल तेवढंच द्यायचं, आणि भरत आली की ती हात आखडता घेते. शेवटचे वीस टक्के म्हणूनच रेंगाळतात.

एसटीची पहिली बस १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. २०२२ साली त्याच तारखेला, त्याच मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवरची बस सुटली. मार्ग निवडला भावनेपोटी, पण अंतरही सोयीचं, सव्वाशेच्या आत. बारा मीटरची बस किलोमीटरला साधारण एक-सव्वा युनिट खाते. दिवसाला २०० किलोमीटर धरले तर २५० युनिट. बस रात्री डेपोतच मुक्कामी असते. सहा तासांत सावकाश भरली तर दहा-अकरा मोटरींइतकाच भार. बसचं कोडं इथंच निम्मं सुटतं. कलबुर्गी-बीदर जाऊन-येऊन करणाऱ्या बसलाही हा हिशेब जवळपास लागू पडतो.

ट्रकला असा डेपो कुठला? कलबुर्गीची तूर भरून निघालेला जड ट्रक किलोमीटरला सव्वा-दीड युनिट घेणार; ४०० किलोमीटरला ६०० युनिट आलेच. युरोपात साडेचार तास गाडी चालवल्यावर चालकाला ४५ मिनिटं थांबावंच लागतं, आणि तेवढ्या वेळात ट्रक भरावा यासाठी ‘मेगावॅट चार्जिंग’ नावाचं नवं मानक आखलंय. त्याची कमाल मर्यादा ३.७५ मेगावॅट: १२५० व्होल्ट, ३००० अँपिअर. एवढा करंट वाहताना केबल तापते, म्हणून तिच्या आतून द्रव खेळवून ती थंड ठेवावी लागते.

आपले ड्रायव्हरही ढाब्यावर जेवायला पाऊण तास सहज काढतात. तेवढ्यात ६०० युनिट भरायचे तर ८०० किलोवॅट लागतील. एका ट्रकला शंभरचे आठ-नऊ डीपी. ढाब्यावर रात्री उभे असतात वीस-पंचवीस ट्रक. तिथं खाटांच्या मागे थेट ३३ केव्हीची लाईन आणि सबस्टेशनच उभारावं लागेल.