पहाटेचा वारा आणि सातेरीची पेटी

मधपेटीचे दार पूर्वेकडे असावे, असा नियम मधुमक्षिकापालनाच्या बहुतेक पुस्तकांत आढळतो. सकाळचे पहिले ऊन दारावर पडले की कामकरी माश्या लवकर बाहेर पडतात, हे त्यामागचे कारण रास्तच आहे. मात्र गोमंतकात, विशेषतः सत्तरी, सांगे आणि काणकोणच्या डोंगरपायथ्यांना, डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत रात्रीचा व पहाटेचा वारा पूर्वेकडूनच, सह्याद्रीवरून खाली उतरत असतो. पुस्तकातला नियम जसाच्या तसा पाळणारा बागायतदार त्या वाऱ्यालाच दार उघडून देतो.

गोव्यात कसली आली थंडी, असे कोणी म्हणेल. जानेवारीत पणजीचे किमान तापमान साधारण 20 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. डोंगरालगतच्या गावांत ते त्याहून खाली जाते. माणसाला हा गारवा सुखावतो. पोळ्यातील पिल्लांना मात्र 33 ते 35 अंशांची ऊब लागते. ही ऊब कामकरी माश्या स्वतःच्या देहातून निर्माण करतात. पंख न हलवता पंखांचे स्नायू थरथरवायचे, म्हणजे अंग तापते. आणि या श्रमाचे इंधन म्हणजे साठवलेला मध. हवा स्थिर असेल तर ही उष्णता पेटीत टिकते. फटीतून वारा शिरला की तापलेली हवा निघून जाते आणि माश्यांना रात्रभर तेच काम पुन्हा पुन्हा करावे लागते. मध खर्ची पडतो, कडेची पिल्ले गारठून मरतात. काजू आणि आंबा मोहरतो तो याच दिवसांत. वसाहत सर्वांत सशक्त हवी, नेमकी तेव्हाच ती अशक्त होते.

आपल्याकडे पेटीत पाळली जाते ती प्रामुख्याने सातेरी माशी. गोमंतकाची सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते. त्याच नावाची ही माशीही झाडाच्या ढोलीत, वारुळात, अंधाऱ्या पोकळीतच संसार थाटते. युरोपीय मधमाशी झाडांचा डिंक-राळ गोळा करून घरातील फटी लिंपून टाकते. सातेरीला ती सवय नाही. त्यामुळे सुतारकामात राहिलेली फट पालकाने बुजवली नाही तर ती तशीच राहते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. घर गैरसोयीचे झाले, अन्न आटले किंवा मेणकिडा लागला की सातेरी सगळी वसाहत घेऊन निघून जाते. ऐन मोहोराच्या तोंडावर रिकामी पेटी पाहण्याची वेळ येते ती अशी.

काश्मीर, हिमाचल आणि कुमाऊँच्या जुन्या घरांत जाड भिंतीतच मधमाश्यांसाठी कोनाडा ठेवलेला असतो. बाहेरून माशीपुरते छिद्र, आतून मध काढण्यासाठी फळी. वारा अडतो आणि घरातल्या चुलीची ऊबही मिळते. आपल्याला इतके करावे लागत नाही. उलट, इथे अतिबंदोबस्त घातक ठरतो. जानेवारीतही दुपारी पारा 32 अंशांपर्यंत चढतो. गोणपाटात गुंडाळलेल्या पेटीत तेव्हा माश्या दारात उभ्या राहून पंखांनी हवा खेळवताना दिसतात. असे दिसले की आवरण जास्त झाले, हे निश्चित समजावे.

फटी शेणमातीने किंवा मेणाने लिंपाव्यात, छतावर दगड ठेवावा, दार लाकडी पट्टीने अरुंद करावे. पूर्ण बंद मात्र कधीही करू नये. खरे काम आहे ते वारा पेटीपर्यंत पोहोचण्याआधीच मंदावण्याचे. यासाठी दगडी गडगा उत्तम असे वाटते, पण भरीव भिंतीवरून उसळलेला वारा पलीकडे भोवऱ्यासारखा खाली आपटतो. नारळाच्या झावळ्यांचा सैल विणलेला झाप त्याहून बरा, कारण थोडा वारा त्यातून झिरपतो आणि जोर ओसरतो. पेटीच्या पूर्व व ईशान्य बाजूंना दोन-तीन हातांवर, पेटीहून उंच असा झाप उभारावा. कायमचे कुंपण हवे असेल तर अडुळसा लावावा. गुरे त्याला तोंड लावत नाहीत. गिरिपुष्पाचे कुंपण दिसते छान, पण त्याची पाने झडतात ती नेमकी याच दिवसांत.

दाराची दिशा आग्नेय किंवा दक्षिण ठेवली तर ऊनही मिळते आणि वाराही टळतो. दुपारी समुद्राकडून, वायव्येकडून येणारा खारा वारा असतो, त्याकडेही पाठच राहते. जागा ठरवण्यापूर्वी काठीला सुताचा धागा बांधून पहाटे आणि दुपारी तो कुठे उडतो ते पाहावे. डोंगराच्या प्रत्येक वळणावर वारा आपली वाट बदलतो.

आधीच बसवलेली पेटी फिरवायची असेल तर घाई नको. माश्यांनी दाराची जागा आणि दिशा मनात पक्की केलेली असते. रोज सूर्यास्तानंतर, सगळ्या आत परतल्यावर, पेटी थोडीशीच वळवावी. आठ-दहा दिवसांत काम होते. या काळात तपासणीसाठी पेटी उघडायची असेल तर ती उन्हाच्या वेळी, वारा पडलेला असताना, आणि चौकटी फार वेळ बाहेर न ठेवता. मार्चमध्ये उकाडा वाढू लागला की झाप काढून तोच पेटीवर सावलीसाठी घालावा.