पलंगाखालचे हजार स्टिकर

आमच्या रूमवर पलंगाखाली एक खोका आहे. त्यात एक हजार स्टिकर आहेत. गोल, हळदीच्या रंगाचे, वर ठसठशीत अक्षरात ‘मेतकूट’. फक्त खालच्या ओळीत ‘निर्मिती’ या शब्दाची पार वाट लागलीय. वेलांटी एकीकडे, रफार भलतीकडे. हे स्टिकर कुणाच्याच कामाचे नाहीत आणि माझी रूममेट ते टाकूनही देत नाही.

ती अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाला, मी मास कॉमवाली. एका खोलीत राहूनही ग्राफिक डिझायनर म्हणजे लॅपटॉपवर रंग बदलत बसणारी माणसं, एवढीच माझी समजूत होती. (तिला पत्रकारांबद्दल काय वाटतं, ते इथे नको.) उन्हाळ्यात तिला पहिलं पैशाचं काम मिळालं. सातारा जिल्ह्यातल्या एका बचत गटाच्या मेतकुटाचं लेबल. मानधन चार हजार रुपये.

पहिला आठवडाभर तिने सॉफ्टवेअर उघडलंच नाही. नुसते फोन. पाकीट कुठे विकणार? किती ग्रॅमचं? विकत घेणारं कोण, गावातलं की पुण्यातलं? गटाच्या ताईंचं म्हणणं एकच, ‘काहीतरी छान कर आणि नाव मोठं घे.’ मग वहीत काडेपेटीएवढे चौकोन काढणं सुरू झालं. मी मोजले, बेचाळीस होते. त्यातले तीन कॉम्प्युटरवर आले आणि तिला आवडलेलं एक ताईंकडे गेलं. पांढुरकं, भरपूर मोकळी जागा, अगदी बारीक अक्षरं. इन्स्टावर टाकलं असतं तर लाइक्सचा पाऊस!

ताईंचा व्हॉइस मेसेज आला, ‘छान आहे गं बाळा, पण औषधाचं वाटतंय.’

मी हसले. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र प्रिंट काढून आम्ही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो, दुकानदार काकांना विचारून ती एका पाकिटावर चिकटवली आणि वेफर्सच्या माळांमागे टांगली. काउंटरच्या अलीकडे उभं राहून बघितलं तर काहीच दिसेना. बारीक अक्षरं त्या मंद उजेडात गायबच झाली होती. तिथेच तिची ट्यूब पेटली. अशा दुकानात गिऱ्हाईक पाकीट हातात घेतच नाही. ते काउंटरपलीकडून बोट दाखवतं, ‘ते पिवळं द्या.’ म्हणजे नाव सहा-सात फुटांवरून वाचता आलं पाहिजे. मग पांढरा गेला, हळदी आला. बारीक अक्षर जाऊन ‘मुक्ता’ या फॉन्टचं जाड वळण आलं. हा फॉन्ट मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केलाय आणि तो कुणालाही फुकट वापरता येतो.

मराठीत डिझाइन करणं वेगळंच प्रकरण आहे, हेही मला तेव्हाच कळलं. आपल्या अक्षराला वर मात्रा, खाली उकार. इंग्रजीच्या मापाने ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचं सेटिंग चालू नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. गावोगावच्या फ्लेक्सवर हे रोज दिसतं आणि आपण ते चालवून घेतो. ज्या महाराष्ट्रात कमल शेडगे यांच्यासारख्या माणसाने नुसत्या अक्षरांच्या वळणातून नाटकाचा स्वभाव जाहिरातीत उतरवला, तिथे हे चालतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि ‘डिझाइन म्हणजे पाच मिनिटांचं काम’ म्हणणाऱ्यांनी एकदा ₹ हे चिन्ह काढून बघावं. सरकारच्या स्पर्धेत तीन हजारांहून जास्त प्रवेशिका आल्या, त्यातून 2010 मध्ये डी. उदय कुमार यांचं हे चिन्ह निवडलं गेलं. देवनागरी ‘र’ही त्यात आहे आणि दांडी काढलेला रोमन आरही. आज भाजीवाल्या मावशीही खडूने ते पाटीवर सहज काढतात. ते काढायला कधी शिकलो, हे मला तरी आठवत नाही.

तर आमचं लेबल. हिरवा ठिपका, वजन, किंमत, परवान्याचा चौदा आकडी नंबर, सगळं बसलं. प्रूफ मी वाचलं. मोबाइलवर दोनदा बघून ‘ओके’ केलं. बरोबरच होतं ते. पण कॉलेजच्या सबमिशनच्या गडबडीत तिने फाइल ‘कर्व्ह’ न करता प्रेसला पाठवली. म्हणजे अक्षरं अजून अक्षरंच होती, त्यांची चित्रं झाली नव्हती. प्रेसच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नव्हता, त्याने स्वतःच्या मनाने दुसरा घेतला आणि ‘निर्मिती’ मोडली. नमुना प्रिंट मागवायची आम्हा दोघींनाही आठवण झाली नाही. प्रेसवाले दादा म्हणाले, ‘आलं तसं छापलं.’ तेही खोटं नव्हतं.

तिने ताईंना फोन करून सरळ सांगितलं, चूक माझी आहे. ताई म्हणाल्या, ‘चालेल गं, कोण वाचतंय एवढं?’ मलाही वाटलं, सुटलो! पण हिने स्वतःच्या खिशातून अठ्ठावीसशे रुपये भरून नवे स्टिकर छापले. दोन महिन्यांच्या कामाचे हातात उरले बाराशे. वर्गातल्या पोरांनी वेड्यात काढलं. मीही चिडले. तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘निर्मितीच्या पुढे त्यांच्या गटाचं नाव आहे. पहिल्यांदाच छापलं जातंय ते.’ यावर मला काही बोलता आलं नाही.

या वेळी पहिला कागद हातात पडेपर्यंत ती मशीनशेजारीच उभी होती. मी पण.

गेल्या आठवड्यात ताईंनी एसटी स्टँडजवळच्या दुकानातला फोटो पाठवला. फोटो हललेला, पण ‘मेतकूट’ वाचता येतंय. खाली मेसेज, ‘लोणच्याचं पण करायचं आहे. या वेळी पैसे वाढवून देऊ.’ मी ओरडलेच. हिने फोटो झूम केला, ‘पिवळा जरा हिरव्याकडे झुकलाय का गं?’ असं विचारलं आणि वही काढून परत काडेपेटीएवढे चौकोन आखायला घेतले.