इंग्लंडमध्ये घरमालकाने डिपॉझिट अडवलं तर...

अहेरी तालुक्यातला आपला एक मुलगा शिष्यवृत्तीवर इंग्लंडला एम.ए. करायला गेला. खोलीचं भाडं महिना ६०० पौंड, डिपॉझिट ९०० पौंड. म्हणजे लाखाच्या आसपास रुपये. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येणार होते, म्हणून वडिलांनी धान विकून आणि उसनवारी करून ते भरले. खोली सोडताना घरमालक म्हणाला, सगळे साफसफाई आणि रंगात गेले. मालक भारतीयच. पहिल्या भेटीत त्याने आडनाव विचारलं होतं, तेव्हापासून पोरगा त्याच्यासमोर दबून राहिला. मला फोनवर म्हणाला, "ताई, विनंती अर्ज कसा लिहू?"

इथेच आपली मुलं चुकतात. तिथल्या कायद्यानुसार डिपॉझिट हा भाडेकरूचाच पैसा असतो. इंग्लंडमध्ये २००७ पासून डिपॉझिटच्या संरक्षणाचा नियम आहे. आता घरमालकाला ती रक्कम ३० दिवसांच्या आत मान्यताप्राप्त योजनेत जमा करावी लागते किंवा तिथे तिचा विमा उतरवावा लागतो, आणि तशी लेखी माहिती भाडेकरूला द्यावी लागते. अशा तीन योजना आहेत: डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम. तिन्हींच्या वेबसाइटवर आपलं डिपॉझिट शोधता येतं. या मुलाचं एकीकडेही नव्हतं.

नोंद असेल तर त्या योजनेकडेच तक्रार फुकटात सोडवता येते आणि नुकसान झाल्याचं सिद्ध करणं मालकाचं काम असतं. रोजच्या वापराने फिका पडलेला रंग म्हणजे नुकसान नव्हे. नोंदच नसेल तर कोर्ट मूळ रक्कम परत करायला लावतं, शिवाय एक ते तीन पट दंड भाडेकरूला देववतं. दुसरं म्हणजे, २०१९ च्या कायद्याने वर्षाचं भाडं ५० हजार पौंडांपेक्षा कमी असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही. ६०० पौंड भाड्याला ते ६९२ पौंड होतं. मालकाने ९०० घेतले होते!

मात्र मालक त्याच घरात राहत असेल किंवा खोली विद्यापीठाच्या वसतिगृहातली असेल, तर संरक्षणाचा हा नियम सहसा लागत नाही. स्कॉटलंडचे नियमही वेगळे आहेत. म्हणून करार सही करण्याआधी वाचायचा. चावी हातात येताच खोलीचे फोटो, व्हिडिओ काढायचे आणि पैसे रोख न देता बँकेतूनच द्यायचे.

बाबासाहेबांना बडोद्यात पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं गेलं. लंडनला शिकताना ते किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरात राहिले. ते घर महाराष्ट्र सरकारने विकत घेतलंय. आपली मुलं ते आवर्जून पाहायला जातात, पण स्वतःच्या खोलीचा करार वाचत नाहीत, याचा मला राग येतो.

मुलाने विनंती लिहिली नाही. कायद्याची कलमं, बँकेची नोंद आणि १४ दिवसांची मुदत देऊन नोटीस पाठवली. मालकाने आधी अर्धे देऊ केले, मग पूर्ण ९०० परत केले. दंडासाठी कोर्टात जा, असं मी म्हटलं होतं. पण त्याला थीसिस पूर्ण करायचा होता, आणि वडिलांची उसनवारी आधी फेडायची होती.