तीस रात्री, पंचवीस प्रश्न

कर्कवृत्त आमच्या जबलपूरच्या थोडं उत्तरेकडून जातं. जूनमध्ये भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली दडते. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, त्याचा हा परिणाम. त्याच कलामुळे अलास्काच्या उत्तर टोकावरच्या, २०१६ पर्यंत बॅरो म्हणवणाऱ्या गावात हिवाळ्यात सुमारे ६५ दिवस सूर्य उगवत नाही. लेखक स्टीव्ह नाइल्स आणि चित्रकार बेन टेम्पलस्मिथ यांनी २००२ साली ‘थर्टी डेज ऑफ नाइट’ या कॉमिकसाठी नेमकं हेच गाव निवडलं. रक्तपिपासू पिशाच्चांना भय उन्हाचं. महिनाभर ऊनच नसलं तर त्यांना रान मोकळं!

२०१० मध्ये या काळोखात मल्डर आणि स्कली आले. १९९३ साली सुरू झालेल्या ‘द एक्स-फाइल्स’ या विज्ञानकथा मालिकेतली ही जोडी. तो अद्भुतावर विश्वास ठेवणारा, ती डॉक्टर, पुरावा मागणारी. सहा अंकांचं हे कॉमिक नाइल्स आणि अ‍ॅडम जोन्स यांनी लिहिलं, चित्रं टॉम मँड्रेक यांची. पिशाच्चं मालिकेला नवी नव्हती. १९९८ च्या ‘बॅड ब्लड’ या भागात एकच प्रकरण दोघं आपापल्या परीनं सांगतात. पण पडद्यावर भीतीचा वेग दिग्दर्शक ठरवतो. कॉमिकमध्ये पान आपण उलटतो. दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत काय घडलं, ते आपल्यालाच रंगवावं लागतं.

मराठी वाचकाला हा प्रांत परका नाही. नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वरून ‘लुचाई’ लिहिली. इंद्रजाल कॉमिक्सनं फँटमला मराठीत ‘वेताळ’ केलं. खरा वेताळ मात्र ‘चांदोबा’तून घरोघरी पोचला. रिचर्ड बर्टननं १८७० मध्ये वेताळकथा इंग्रजीत नेल्या, तेव्हा पुस्तकाच्या नावात ‘व्हॅम्पायर’ हाच शब्द घातला.

तरी बर्टनचा शब्द मला अपुरा वाटतो. जबलपूरजवळच्या भेडाघाटच्या चौसष्ट योगिनी मंदिरात गेलं की ते जाणवतं. कलचुरींच्या काळातलं हे गोल आवार, वर उघडं आकाश, भोवती भंगलेल्या योगिनींची रांग. योगिनी, स्मशान आणि वेताळ एकाच परंपरेतले. इथलं भय माणसाला नुसतं पळवत नाही, उभं करून विचारतं.

‘कथासरित्सागरा’तला वेताळ शिंशपा वृक्षावर लोंबकळणाऱ्या प्रेतात राहतो. एक राजा ते खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगून कोडं घालतो. उत्तर दिलं की प्रेत पुन्हा झाडावर. राजा पुन्हा मागे फिरतो. पिशाच्चाला रक्त हवं, वेताळाला उत्तर.

म्हणून हे कॉमिक वाचताना मला स्कली आपली वाटते. समोर प्रेत, भोवती रात्र, आणि तिचा प्रश्न एकच: हे कशावरून? वेताळाच्या अखेरच्या कोड्याला राजालाही उत्तर सुचत नाही. ठोकून द्यायचं सोडून तो गप्प चालत राहतो, आणि वेताळ प्रसन्न होतो तो त्याच वेळी. भुताखेतांच्या गोष्टी मुलांच्या हाती द्याव्यात त्या या धैर्यासाठी: काळोखात पुढे जाण्याच्या, आणि ठाऊक नसेल तिथे गप्प राहण्याच्या.