प्रतिजैविकांच्या सान्निध्यात यीस्टचे श्वसन

बुंदेलखंडात उन्हाळ्यात हिरवा चारा आटतो आणि जनावरांची भिस्त भुशावर येते. झाशीत १९६२ मध्ये चारा संशोधनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली, ती अशाच प्रश्नांच्या प्रदेशात. कोरड्या चाऱ्याच्या पचनासाठी आहारात जिवंत यीस्ट मिसळण्याची पद्धत आता परिचित आहे. यीस्ट कोटीपोटातील अल्प प्राणवायू शोषून घेते आणि प्राणवायू न सोसणाऱ्या तंतुपाचक जिवाणूंना पोषक वातावरण मिळते, असे एक स्पष्टीकरण आहे. ॲबर्डीनच्या रोवेट संस्थेतील संशोधकांनी १९९६ मध्ये दाखविले की, श्वसनक्षमता गमावलेले यीस्ट जिवाणूंची संख्या वाढवीत नाही.

ही क्षमता तंतुकणिकेवर अवलंबून असते. तिचा स्वतःचा डीएनए जेमतेम आठ प्रथिने घडवितो. त्यांपैकी सात श्वसन व ऊर्जानिर्मितीची, एक रायबोसोमचे. हे रायबोसोम जिवाणूंच्या रायबोसोमशी साधर्म्य राखतात. म्हणून क्लोरॅम्फेनिकॉल व एरिथ्रोमायसिन त्यांनाही रोखतात. गंमत अशी की, यीस्ट त्याने मरत नाही. साखर आंबवून ते जगते. केवळ ग्लिसरॉलवर ठेवल्यास मात्र त्याची वाढ खुंटते. तेव्हा पिशवीवर छापलेली जिवंत पेशींची संख्या त्यांच्या श्वसनाविषयी काहीच सांगत नाही.

तरीही काही पेशींत प्रथिननिर्मिती चालू राहते. रायबोसोमच्या आरएनएतील एका अक्षराचा बदल औषधाला निष्प्रभ करू शकतो. परंतु तंतुकणिकीय डीएनएच्या पुष्कळ प्रती असल्याने एकीतील बदल पुरत नाही. पेशीविभाजनांत प्रतींची वाटणी होता होता एखादी शाखा पूर्णतः बदललेली निघते.