शेतापासून बाजारापर्यंतचे अंतर काढण्याची सोपी रीत

कांदा विक्रीस काढताना नाशिक जिल्ह्यातील शेतकरी प्रथम भावाची चौकशी करतो. परंतु माल किती अंतरावर न्यावयाचा, याचा हिशेब बहुधा अंदाजानेच होतो. भाव उतरलेला असता हा अंदाज चुकल्यास नफ्याचा मोठा भाग वाहतुकीतच खर्ची पडतो. एकाच गावाला अनेक बाजार समित्या जवळ असल्यास संगणकावरील स्प्रेडशीटच्या साहाय्याने सर्व अंतरे एकाच वेळी काढता येतात.

प्रत्येक ठिकाणाचे अक्षांश व रेखांश प्रथम मिळवावेत. मोबाइलमधील नकाशावर त्या जागी बोट दाबून धरल्यास दोन आकडे दिसतात. पहिला अक्षांशाचा व दुसरा रेखांशाचा. जुन्या नकाशांवर ते अंश व कला यांत असतात. अशा वेळी कलांना ६० ने भागून तो भाग अंशांत मिळवावा. चांदवडचा अक्षांश सुमारे २० अंश २० कला, म्हणजे २०.३३ होय. तो २०.२० असा लिहिल्यास १४ किलोमीटरांची चूक होते.

'ए' स्तंभात गावाचे नाव, 'बी'मध्ये अक्षांश व 'सी'मध्ये रेखांश लिहावा. दुसऱ्या ओळीत स्वतःचे गाव व तिसरीपासून बाजार घ्यावेत. अक्षांशाचा एक अंश आपल्याकडे सुमारे ११०.७ किलोमीटर भरतो. रेखांश ध्रुवाकडे एकत्र येत असल्यामुळे त्यांचा एक अंश नाशिकच्या पट्ट्यात सुमारे १०४.६ किलोमीटरच भरतो. म्हणून अक्षांशांतील फरकास ११०.७ ने व रेखांशांतील फरकास १०४.६ ने गुणावे. दोन्ही गुणाकारांचे वर्ग करून बेरीज घ्यावी व तिचे वर्गमूळ काढावे. हेच सरळ रेषेतील अंतर होय. हे सूत्र 'डी' स्तंभाच्या तिसऱ्या ओळीत लिहून खाली ओढले की सर्व बाजारांची अंतरे मिळतात. मात्र स्वतःच्या गावाच्या ओळीचा क्रमांक '$२' असा डॉलरचिन्हासह लिहावा. अन्यथा सूत्र खाली ओढताना तो क्रमांक सरकतो व पुढील उत्तरे चुकतात.

या रीतीने चांदवडपासून लासलगाव सुमारे २०, मनमाड २३ व पिंपळगाव बसवंत ३२ किलोमीटर येते. जिल्ह्यापुरती ही रीत पुरेशी आहे. दिल्लीसारख्या दूरच्या ठिकाणासाठी पृथ्वीचा गोलाकार लक्षात घेणारे सूत्र वापरावे लागते.

सरळ अंतर म्हणजे रस्त्याचे अंतर नव्हे, हे विसरू नये. पेठ, सुरगाणा भागातील घाटात रस्ता पुष्कळच लांबतो. म्हणून रस्त्याचे प्रत्यक्ष किलोमीटर 'ई' स्तंभात लिहावेत व भाड्याचा हिशेब त्यावरूनच करावा. समजा, दूरचा बाजार रस्त्याने १२ किलोमीटर अधिक पडतो, जाण्यायेण्याचे मिळून भाडे दर किलोमीटरला ३० रुपये आहे आणि माल २० क्विंटल आहे. तर जादा खर्च ३६० रुपये, म्हणजे क्विंटलला १८ रुपये होतो. दूरच्या बाजारातील भाव त्याहून अधिक चढा असेल तरच तेथे माल नेणे हितावह ठरेल.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावासाठी असा तक्ता एकदा तयार करून ठेवावा. गावे व बाजार जागच्या जागीच राहत असल्याने हंगामात केवळ भाव व भाडे बदलले की पुरते.